विश्लेषण : महाग माइक घेऊनही आवाज का घुमतो? लॅपटॉपवर बोलणे रेकॉर्ड करण्यासाठी नेमके काय घ्यावे?

पॉडकास्ट, ऑडिओबुक, ऑनलाइन शिकवणी, कथाकथन, कवितावाचन, गावातल्या बोलीचे नमुने अशा अनेक कारणांसाठी मराठी माणूस आज घरच्या लॅपटॉपवर स्वतःचा किंवा इतरांचा आवाज रेकॉर्ड करू लागला आहे. पहिला एखादा भाग रेकॉर्ड करून ऐकला की निराशा होते. आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, मागे पंख्याची घरघर असते, खोली घुमते. मग समाजमाध्यमांवरच्या जाहिराती आणि ‘अनबॉक्सिंग’चे व्हिडिओ पाहून माइक मागवला जातो. अनेकदा तो आल्यावरही आवाज फारसा सुधारत नाही. असे का होते, कोणत्या कामाला कोणते साधन पुरते आणि पैसे नेमके कुठे खर्च करावेत, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा ठरतो आहे?

मराठी बोललेल्या शब्दाची मागणी गेल्या काही वर्षांत वाढली आहे. स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात सेवा सुरू केली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीचाही समावेश होता. त्यानंतर मराठी ऑडिओबुकांना श्रोता मिळत गेला आणि स्टुडिओबाहेर, घरून वाचन करणाऱ्यांचीही एक फळी तयार होऊ लागली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील ‘भाषादान’ या भागात सामान्य नागरिक आपापल्या भाषेतली वाक्ये बोलून नोंदवू शकतात. यंत्राला भारतीय भाषा समजाव्यात यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे अशी रेकॉर्डिंग. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्यानंतर बोलींच्या जतनाची चर्चाही वाढली.

हे सारे काम साउंडप्रूफ स्टुडिओत होणार नाही. ते पुण्यातल्या वन-बीएचकेमध्ये, नांदेडच्या वसतिगृहात, सिंधुदुर्गातल्या एखाद्या ओसरीवर होणार आहे. तिथे वापरायचे साधन पिशवीत मावणारे, लॅपटॉपला थेट जोडता येणारे आणि खिशाला परवडणारे हवे.

लॅपटॉपमधला माइक का पुरत नाही?

लॅपटॉपमधला माइक व्हिडिओ कॉलसाठी बसवलेला असतो. समोर बसलेल्या माणसाचे शब्द पलीकडच्याला कळावेत, एवढेच त्याचे काम. तो तोंडापासून साधारण अर्धा-पाऊण मीटर दूर असतो. त्याच कवचात पंखा फिरत असतो आणि कीबोर्डची टकटकही होत असते. शिवाय लॅपटॉपचे सॉफ्टवेअर आवाजावर आपोआप प्रक्रिया करते. पार्श्वभूमीचा आवाज दाबते, आवाजाची पातळी वरखाली करते. कॉलमध्ये हे खपून जाते. गोष्ट वाचताना मात्र वाक्याच्या शेवटी हळू झालेला शब्द अर्धा कापला जातो आणि विराम संपला की आवाज एकदम उसळतो.

विंडोजमध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद केले, तर यातला काही त्रास कमी होतो. बाहेरचा माइक जोडल्यावरही हे एकदा तपासून घ्यावे. नवा माइक जोडलेला असतो, पण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये निवड मात्र जुन्याच माइकची राहिलेली असते, ही चूकही नेहमीची. माइकच्या जाळीवर नखाने हलकेच टकटक करून पडद्यावरची पट्टी हलते का, हे पाहिले की लगेच कळते.

ब्लूटूथ इअरफोनने काम भागेल का?

गाणी ऐकताना सुरेख वाटणारा ब्लूटूथ इअरफोन बोलणे रेकॉर्ड करायला घेतला की निराशा करतो. त्याचे कारण ब्लूटूथच्या रचनेत आहे. केवळ ऐकायचे असते तेव्हा एका पद्धतीने चांगल्या दर्जाचा आवाज एकाच दिशेने पाठवला जातो. माइक चालू झाला की जोडणी फोनकॉलसाठीच्या दुसऱ्या पद्धतीवर जाते. तिच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने घेतले जातात, सुधारित प्रकारात १६ हजार. नमुन्यांच्या निम्म्या संख्येपर्यंतचीच कंपने नोंदवता येतात, हा ध्वनिमुद्रणाचा मूलभूत नियम आहे. म्हणजे जुन्या प्रकारात ४ हजार हर्ट्झच्या वरचे आणि सुधारित प्रकारात ८ हजार हर्ट्झच्या वरचे सगळे गळून जाते. नंतर कितीही सफाई केली तरी ते परत येत नाही. काही नव्या उपकरणांत ही मर्यादा सैल होते आहे, पण त्यासाठी इअरफोन आणि लॅपटॉप दोन्ही त्या क्षमतेचे लागतात.

त्यापेक्षा वायरचा साधा हेडसेट बरा. त्याचा माइक तोंडाजवळ असतो आणि आवाज पूर्ण पट्ट्यात येतो.

मराठी उच्चारांचा यात काय संबंध?

मराठीत ‘चार’ या संख्येतला ‘च’ आणि गुरांच्या ‘चारा’मधला ‘च’ वेगळे आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, या दोन शब्दांचे लेखन एकच, पण ‘ज’ वेगळा. लिपी हा फरक दाखवत नाही, तो फक्त उच्चारात असतो. अशा व्यंजनांतला घर्षणाचा भाग, तसेच ‘स’ आणि ‘श’ यांच्यातला फरक वरच्या कंपनांत असतो. ४ हजार हर्ट्झच्या वरचा पट्टा कापला गेला की तो पुसट होतो. संदर्भावरून श्रोत्याला शब्द कळतो, पण उच्चाराची ओळख जाते. बोलींच्या नोंदीत किंवा यंत्राला भाषा शिकवण्याच्या कामात तर नेमका हाच फरक टिपायचा असतो.

दुसरी अडचण महाप्राण व्यंजनांची. ‘फ’, ‘भ’, ‘ख’, ‘ध’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. ‘फळा’ किंवा ‘भाकरी’ म्हणताना तो थेट माइकवर आदळला की ‘भप्प’ असा दणका नोंदला जातो. तो नंतर काढणे अवघड असते. फोमचे टोपण किंवा जाळीचा पॉप फिल्टर मदत करतो. त्याहून सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे माइक तोंडासमोर सरळ न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवणे. झोत बाजूने निघून जातो, शब्द मात्र माइकला मिळतो.

माइक महत्त्वाचा की खोली?

बहुतेक वेळा खोली. हे समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब पुरतो. बोलणारा आणि माइक यांच्यातले अंतर निम्मे केले की थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. भिंतींवरून परतून येणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच असतो. त्यामुळे माइक ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला, म्हणजे अंतर दोनदा निम्मे केले, की घुमण्याच्या तुलनेत शब्द सुमारे १२ डेसिबलने वर येतो. दहापट महाग माइक त्याच ६० सेंटिमीटरवर ठेवला, तर हा फायदा मिळत नाही. उलट तो खोलीचा घुमारा अधिक स्पष्टपणे टिपतो. ‘महाग माइक घेऊनही आवाज घुमतो’ या तक्रारीचे उत्तर बहुधा इथे असते.

वीतभर किंवा त्याहून थोडे कमी, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, हे बोलण्यासाठी सोयीचे अंतर आहे.

आपल्याकडची घरे मात्र यात अडचणीची. फरशी, प्लास्टरच्या उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या, स्टीलचे कपाट, या सगळ्यांवरून आवाज उसळतो. गादी, उशा, भरलेले कपड्यांचे कपाट, जाड पडदे आणि घडीच्या गोधड्या तो शोषतात. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूंना दोरीवर दोन जाड गोधड्या टांगल्या, तरी फरक कानाला कळतो. यामागचे कारण असे की माइकचे तोंड बोलणाऱ्याकडे असते, म्हणून बोलणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून येणारा आवाज त्यात सरळ शिरतो. माइकच्या मागे लावलेला फोमचा छोटा कठडा त्या मानाने कमी उपयोगी.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. गोधड्या आणि फोम खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या कुकरची शिट्टी किंवा पत्र्यावरचा पाऊस यांवर उपाय म्हणजे वेळ बदलणे. म्हणूनच घरून काम करणारे अनेक जण पहाटे किंवा रात्री उशिरा रेकॉर्डिंग करतात. पंखा बंद ठेवायचा, तर उन्हाळ्यात एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वाचन होत नाही. वेळेचे नियोजन करताना हेही धरावे लागते.

कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक?

माइक विकत घेताना सर्वाधिक गोंधळ इथे होतो. डायनॅमिक माइकमध्ये आवाजाच्या लहरींनी तारेचे वेटोळे चुंबकाजवळ हलते आणि वीज तयार होते. सभेतला भाषणाचा माइक हा याचा परिचित नमुना. तो दणकट असतो. कंडेन्सर माइकमध्ये विद्युतभार असलेला अतिशय पातळ पडदा असतो. तो जास्त संवेदनशील असतो, बारकावे अधिक टिपतो आणि त्याला वीज लागते. एक्सएलआर वायरच्या कंडेन्सरला ती साधारणपणे ४८ व्होल्टच्या ‘फँटम पॉवर’मधून मिळते, यूएसबी माइकला यूएसबीमधूनच.

‘डायनॅमिक माइक खोलीतला गोंगाट घेत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असल्यामुळे माणूस त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलतो आणि गोंगाट मागे पडतो तो त्या जवळिकीमुळे. कंडेन्सर तेवढाच जवळ घेऊन गेन कमी केला, तर फरक बराच कमी होतो. खरा निकष माइकच्या ‘दिशे’चा आहे. ‘कार्डिऑइड’ प्रकारचा माइक समोरचे जास्त आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो. त्यामुळे लॅपटॉप त्याच्या पाठीमागच्या बाजूला ठेवला की लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज कमी येतो. ‘ऑम्नी’ प्रकारचा माइक सगळीकडचे सारखे ऐकतो.

दिशा असलेल्या माइकच्या फार जवळ गेले की खर्जाचा भाग वाढतो. काहींना तो ‘रेडिओचा आवाज’ म्हणून आवडतो, पण वाक्यागणिक अंतर बदलले तर आवाजाचा रंगही बदलत राहतो. दोन तासांच्या पुस्तकात हे खटकते.

शांत, मऊ खोली असेल तर कंडेन्सर. रस्त्यावरचे घर, उघडी खोली असेल आणि माइकला चिकटून बोलण्याची तयारी असेल, तर डायनॅमिक. एवढा नियम पुरेसा आहे.

कोणत्या कामाला कोणते साधन?

कॉलर माइक : शर्टाला लावायचा वायरचा छोटा माइक. बाजारात हजार रुपयांच्या आसपास मिळणारा बोया बीवाय-एम१ हा या वर्गातला सर्वपरिचित नमुना. सहा मीटर वायर, ऑम्नी प्रकार आणि फोन-कॅमेरा असा बदलाचा खटका त्याला असतो. शिकवणी, मुलाखत, बसून बोलणे यासाठी तो उत्तम. लॅपटॉपला जोडताना मात्र पिन पाहावी लागते. फोनसाठीच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन. आजच्या बहुतेक लॅपटॉपला ऐकणे आणि बोलणे दोन्हींसाठी एकच छिद्र असते आणि त्याला तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची पिन घातली की लॅपटॉपला माइक दिसतच नाही आणि माइक खराब निघाला असे समजून तो परत केला जातो. काही लॅपटॉपमध्ये त्या छिद्रातून येणाऱ्या आवाजात मुळातच खरखर असते. अशा वेळी छोटा यूएसबी साउंड अडॅप्टर कामाला येतो.

यूएसबी माइक : एकाच वायरीने लॅपटॉपला जोडायचा. बहुतेक माइकना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ब्लू यती, रोड एनटी-यूएसबी मिनी हे यातले ओळखीचे कंडेन्सर. यती वजनदार आहे, रोज पिशवीतून नेण्यासारखा नाही. सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स हे डायनॅमिक माइक हातात धरण्याजोगे असून त्यांना यूएसबी आणि एक्सएलआर अशा दोन्ही जोडण्या आहेत. आज लॅपटॉपला आणि उद्या इंटरफेसला जोडायचे असेल, तर माइक बदलावा लागत नाही. फिरतीवर असणाऱ्या एकट्या निवेदकासाठी हा वर्ग सर्वांत सोयीचा. एकच मोठी मर्यादा : एका लॅपटॉपवर दोन यूएसबी माइक एकाच वेळी चालवणे कटकटीचे असते. दोघांचा संवाद रेकॉर्ड करायचा असेल, तर इंटरफेस घ्यावा.

इंटरफेस आणि एक्सएलआर माइक : फोकसराइट स्कार्लेट सोलो किंवा २आय२ यांसारखी पेटी लॅपटॉपला यूएसबीने जोडायची आणि तिला माइक जोडायचा. माइक, पेटी, वायर, स्टँड असे चार नग सांभाळावे लागतात, पण पुढे सुधारणा एकेका भागात करता येते. इथे एक सापळा आहे. पॉडकास्टच्या व्हिडिओंत दिसणारा शुअरचा एसएम७बी घ्यावासा वाटतो. त्याचा आवाज इतका क्षीण असतो, की किमान ६० डेसिबल गेन लागेल असे कंपनीच सांगते. स्वस्त इंटरफेस तिथपर्यंत पोहोचला नाही, की माइकपाठोपाठ बूस्टरही घ्यावा लागतो.

यूएसबी माइक घ्या किंवा इंटरफेस, त्यावर हेडफोनचे छिद्र आहे का हे आवर्जून पाहावे. तिथे स्वतःचा आवाज विनाविलंब ऐकू येतो. लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि स्वतःचे बोलणे उशिरा ऐकू आले की चांगला वक्ताही अडखळतो.

वायरलेस माइकची एवढी चलती का? आणि त्यात खोट काय?

रील आणि मुलाखतींच्या व्हिडिओंमुळे छातीवर लावायचे चौकोनी वायरलेस माइक घराघरांत पोहोचले. रोडने २०१९ मध्ये वायरलेस गो आणला. डीजेआय, हॉलीलँड, बोया अशा कंपन्या आता याच वर्गात आहेत. चालत-फिरत बोलायचे असेल, दोन माणसे असतील, तर सोय मोठी आहे.

एका जागी बसून लॅपटॉपवर वाचायचे असेल, तर मात्र त्याची गरज नाही. हे माइक बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात, त्यामुळे गर्दीच्या इमारतीत आवाज मध्येच तुटू शकतो. बॅटरी संपण्याची चिंता वेगळी. छातीवरचा ऑम्नी माइक खोलीही ऐकतो, पदराची किंवा ओढणीची सळसळही ऐकतो. घ्यायचाच असेल तर माइकच्या आतच रेकॉर्डिंग साठवण्याची सोय आहे का, हे पाहावे. रोड वायरलेस गो २ आणि डीजेआय माइक २ यांत ती आहे, डीजेआय माइक मिनीमध्ये नाही. जोडणी तुटली तरी आतली प्रत वाचते. ‘नॉइज कॅन्सल’चे बटण शक्यतो बंदच ठेवावे. गोंगाट नंतर कमी करता येतो, पण बटणाने खाल्लेला शब्द परत मिळत नाही.

‘३२ बिट फ्लोट’ आणि ‘एआय सफाई’ हे दावे किती खरे?

नमुन्याची खोली १६ बिट असेल तर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते, २४ बिटमध्ये सुमारे १४४. घरातल्या शांत खोलीतला आणि बोलण्यातला फरक याच्या पुष्कळ आत बसतो. त्यामुळे बोलण्यासाठी २४ बिट आणि ४८ हजार नमुने ही निवड सर्व बाजूंनी पुरेशी आहे. ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार नमुन्यांची जाहिरात भाषणासाठी निरुपयोगी. फाइल मात्र फुगते. २४ बिट, ४८ हजार, एका चॅनलचे एक तासाचे रेकॉर्डिंग सुमारे ५२० एमबी होते.

३२ बिट फ्लोटमध्ये आवाज मोठा झाला तरी फाइल ‘फाटत’ नाही, नंतर पातळी खाली आणता येते. कीर्तन, सभा, लग्नघर अशा ठिकाणी, जिथे आवाजाचा नेम नाही, तिथे हा खरा फायदा आहे. पण माइकचा पडदाच ताणला गेला तर हे तंत्रही काही करू शकत नाही. घरी बसून एकाच सुरात वाचणाऱ्याने केवळ यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

एआय सफाईची साधने घुमणारा आवाज चकित करण्याइतका कोरडा करून देतात, हे खरे. ती गोंगाटात बुडालेला भाग अंदाजाने पुन्हा रचतात. अंदाज चुकला की एखादे व्यंजन बदलते, शब्दाचा शेवट गिळला जातो, आवाज यांत्रिक होतो. समाजमाध्यमावरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओला हे चालते. बोलीच्या नोंदीत चालत नाही, कारण तिथे अंदाजाने भरलेला उच्चार म्हणजे चुकीची नोंद. मूळ फाइल नेहमी वेगळी जपून ठेवावी आणि सफाई प्रतीवर करावी.

आवाजात सतत गुणगुण का येते?

ही खास आपल्याकडची डोकेदुखी. आपली वीज ५० हर्ट्झची. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल किंवा भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नीट नसेल, तर ५० आणि १०० हर्ट्झची खालच्या सुरातली गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते, ते याचेच लक्षण. परीक्षा सोपी आहे : चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबली तर दोष माइकचा नाही. बॅटरी भरून घ्यावी, चार्जर काढावा आणि रेकॉर्डिंग करावे. यूएसबी माइक स्वस्त हबऐवजी थेट लॅपटॉपला लावावा. शेजारी ठेवलेला मोबाइल विमान मोडवर टाकावा.

पातळी किती ठेवावी?

रेकॉर्डिंगच्या पट्टीवर शून्य डेसिबल हे छत असते. त्याला आवाज धडकला की तो फाटतो. सर्वांत जोरात बोललेला शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील, एवढा गेन ठेवावा. त्यानंतर दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करावी.

अ‍ॅमेझॉनच्या ऑडिबलशी जोडलेल्या एसीएक्स या व्यासपीठाचे निकष ऑडिओबुकच्या जगात मापदंड म्हणून वापरले जातात. तयार फाइलची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च टोक उणे ३ च्या खाली आणि शांततेतला गोंगाट उणे ६० च्या खाली, असे ते आहेत. पंखा चालू असताना शेवटचा निकष गाठणे घरात जवळपास अशक्य होते. पॉडकास्टसाठी अ‍ॅपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या आसपास आहे, स्पॉटिफाय उणे १४ धरते. ही मोजमापे ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही करता येतात.

लॅपटॉपऐवजी वेगळा रेकॉर्डर कधी घ्यावा?

बोलणारी व्यक्ती घरी येणार नसेल, आपणच तिच्याकडे जाणार असू, तेव्हा. मराठीतली याची मोठी उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. गी प्वातवें आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांचे शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले आणि आज हा ठेवा ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणातही लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून खुले केले आहे.

अशा ठिकाणी लॅपटॉप उघडून बसले की समोरची आजी संकोचते, पंखा फिरू लागतो, बॅटरी आणि सॉफ्टवेअर यांचा भरवसा नसतो. झूम एच१ मालिका किंवा टॅस्कॅम डीआर-०५एक्स यांसारखा तळहाताएवढा रेकॉर्डर साध्या सेलवर चालतो आणि मेमरी कार्डवर थेट नोंद करतो. शिवाय यांतले अनेक रेकॉर्डर यूएसबीने लॅपटॉपला जोडले की माइक म्हणूनही वापरता येतात. घरी वाचन आणि बाहेर नोंदी अशी दोन्ही कामे असणाऱ्याला एकाच खरेदीत दोन साधने मिळतात. वाऱ्यासाठी केसाळ टोपण मात्र सोबत हवेच.

रेकॉर्डर घेण्याची ऐपत नसेल, तर फोन विमान मोडवर टाकून त्याला वायरचा कॉलर माइक लावला, तरी नोंद चांगली होते. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला व्यक्तीची परवानगी, गाव आणि तारीख तिच्याच आवाजात घ्यावी. फाइल त्याच संध्याकाळी दुसऱ्या जागी उतरवून ठेवावी. ऐंशी वर्षांच्या बाईने आज सांगितलेली ओवी पुढच्या वेळी तशीच मिळेल याची खात्री नसते.

मग खरेदीचा क्रम काय असावा?

सर्वांत आधी काहीच विकत न घेता खोली बदलून पाहावी. घरातली सर्वांत भरलेली, मऊ खोली निवडावी, पंखा बंद करावा, गोधड्या टांगाव्यात, फोन तोंडाजवळ धरून दोन मिनिटे वाचावे आणि हेडफोन लावून ऐकावे. फोनच्या रेकॉर्डिंगमध्येही घुमारा आणि गोंगाट असेल, तर नवा माइक तो घालवणार नाही. ते स्वच्छ आले, तर माइकवरचा खर्च सार्थकी लागेल.

पहिली खरेदी कान झाकणाऱ्या वायरच्या साध्या हेडफोनची. चूक ऐकूच आली नाही, तर ती सुधारणार कशी? दुसरी खरेदी वायरच्या कॉलर माइकची, एवढ्यावर दोन-तीन महिने काम करावे. काम टिकले आणि वाढले की तिसऱ्या टप्प्यावर यूएसबी माइक. त्यासोबत स्टँड आणि पॉप फिल्टरचे पैसे धरावेत, कारण पुस्तकांच्या थप्पीवर ठेवलेला माइक टेबलाचा प्रत्येक धक्का नोंदवतो. दोन माणसांचे नियमित काम असेल, तरच इंटरफेस. गावोगाव फिरायचे असेल, तर या सगळ्याआधी रेकॉर्डर.

मागवताना परत करण्याची मुदत पाहावी आणि ती संपण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात : दहा सेकंदांची शांतता, ‘फ-भ-स-श’ असलेला एक उतारा आणि सलग अर्ध्या तासाचे रेकॉर्डिंग. सैल पिन, तापणारे यंत्र किंवा मध्येच तुटणारी जोडणी हे दोष दोन मिनिटांच्या चाचणीत कळत नाहीत. ते अर्ध्या तासात कळतात, आणि तोवर माइक परत करण्याची वेळ हातात असते.